साडेआठ हजारांची गिटार, अकरा हजारांचे पिकअप

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावातून २४ वर्षांच्या तरुणानं लिहिलं आहे. घरी धानाची शेती, स्वतः आयटीआय फिटर. दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावजत्रेपासून) हंगाम संपेपर्यंत तो पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना संगीतसाथ करतो, एप्रिल-मे महिन्यांत भीमगीतांच्या पार्टीत वाजवतो. आजवर पार्टीचीच गिटार वापरली, आता स्वतःची घ्यायची आहे. ओळखीतून नागपूरच्या एकाची जुनी इलेक्ट्रिक गिटार पाहिली. नावाजलेल्या कंपनीचं कमी किमतीतलं मॉडेल, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं हलणं विजेत बदलणारे, एकेका गुंडाळीचे भाग), किंमत साडेआठ हजार. हजार रुपये देऊन महिनाअखेरपर्यंत घरी आणली आहे. पण घरी लावली की भुणभुण येते, पार्टीच्या मिक्सरला लावली की आवाज "कापसाच्या गाठीतून आल्यासारखा" दबलेला येतो, आणि कीबोर्डवाल्यानं गिटारचा टोन लावला की त्याचीच गिटार जास्त ऐकू येते. विकणारा म्हणतो, "पिकअप बदलून टाक भाऊ, मंग पाय कशी वाजते. पन्नास हजाराच्या गिटारले मागं टाकते." चांगल्या कंपनीच्या तीन पिकअपांचा सेट अकरा हजारांना आहे. हंगामातून वाचवलेले वीस हजार हाताशी आहेत. वडिलांचं म्हणणं, आधी बोअरची मोटर भरून घेऊ. प्रश्न असा: हीच घेऊन पिकअप बदलू, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) बसवू, की ही परत करून वीस हजारांत नवी घेऊ?

उत्तर:

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तू लिहितोस, "तारेला बोट लागलं की भुणभुण कमी होते, बोट उचललं की वाढते." तू ती तक्रार म्हणून लिहिली आहेस, पण मला त्यात त्या गिटारबद्दलची चांगली बातमी दिसली. आपलं शरीर घरातल्या विजेचा गोंगाट अँटेनासारखा पकडतं आणि पिकअपजवळ आणून सोडतं. तारेला हात लागला की तो गोंगाट ब्रिजमधून (तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या भागातून) आतल्या अर्थच्या वायरला निघून जातो. म्हणजे तारा अर्थला नीट जोडलेल्या आहेत. याच्या उलट झालं असतं, हात लावल्यावर भुणभुण वाढली असती, तर मी तुला आधी गिटार उघडायला सांगितलं असतं. तेव्हा एकतर ब्रिजखालची वायर निसटलेली असते, नाहीतर जॅकवरच्या दोन वायरींची अदलाबदल झालेली असते.

तू विचारलंस की कोणते पिकअप घेऊ. त्याआधीचा प्रश्न असा की तुझ्या तीन तक्रारींमध्ये पिकअपचा दोष किती. पत्रावरून मला तरी वाटतं, तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातल्या एकासाठीही आज अकरा हजार काढायची गरज नाही. तू फिटर आहेस, हाताला हत्यारांची सवय आहे, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

बोअरची मोटर भरायला नेली की आतली तांब्याची गुंडाळी दिसते, ती तू पाहिली असशील. पिकअप हे तसंच काम आहे, फक्त फार बारीक. सहा चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज उमटते. या गुंडाळीला गाणं आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही. कूलरची मोटर, स्टॅबिलायझर, ट्यूबलाइटची चोक, ज्याचं क्षेत्र जवळ येईल ते ती उचलते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि तिच्या दुपटीचा, १०० हर्ट्झचा सूर त्या भुणभुणीत ठळक असतो. आता सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी) दाबून वाजव. तो जी (G) हा सूर आहे, ९८ हर्ट्झ. भुणभुण जवळजवळ त्याच सुरात लागलेली ऐकू येईल. एकदा तो सूर कानात बसला की घरातली कोणती वस्तू तो काढते हे तुला तासाभरात शोधता येईल.

आज रात्रीच शोध. ॲम्प्लिफायर लावून गिटार गळ्यात घे, तारांवरचे हात काढ आणि उभ्या जागी हळूहळू गोल फिर. एका दिशेला भुणभुण वाढेल, एका दिशेला जवळपास जाईल. मग घरच्यांना पाच मिनिटं कूलर बंद करायला सांग. मार्चअखेरीस आपल्याकडे हे मागणं मोठं आहे, पण पाचच मिनिटं. कूलरबरोबर भुणभुणही बसली, तर पिकअपनं काय गुन्हा केला? कूलरपासून दहा-बारा फूट लांब बसायचं आणि ज्या दिशेला आवाज कमी तिकडे तोंड करून वाजवायचं. तसाही कूलरसमोर गिटार ठेवू नये. त्या ओलसर वाऱ्यानं तारा गंजतात.

आणखी एक चाचणी, तीही फुकट. तुझ्या गिटारचा स्विच पाच जागांचा असेल. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन-दोन पिकअप एकत्र चालतात. बऱ्याच गिटारींत मधला पिकअप मुद्दाम उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकांचा असतो. तसा असेल तर या दोन जागांवर भुणभुण चटकन खाली येते. हंबकरचं तत्त्व हेच. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला: दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट, त्यामुळे तारेचा सूर बेरजेत येतो आणि बाहेरचा गोंगाट वजा होतो. तुझ्या गिटारमध्ये ही सोय दोन जागांवर आधीच असेल, तर घरच्या सरावासाठी त्याच वापर.

बोट लागल्यावर जो आवाज जातो त्यावर आणखी एक उपाय आहे. पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची प्लास्टिकची पट्टी) उघडून आतल्या खोबणीत तांब्याची चिकटपट्टी लावायची, पिकगार्डच्या पाठीवरही लावायची, आणि ती सगळी अर्थच्या वायरला डाख देऊन जोडायची. काही शे रुपयांचं आणि एका दुपारचं काम आहे. कूलरच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र त्यानं अडत नाही, ते अंतरानंच कमी होतं. पण बाकीची किरकिर बरीच जाते.

आता विजेचाच विषय निघालाय तर या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं सांगून घेतो. तुझ्या घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का? गावात बऱ्याच घरांत तिसरं भोक नुसतं नावाला असतं, मागे वायरच नसते. कुठे वायर असते, पण तिचं दुसरं टोक कोरड्या मुरमात गेलेलं असतं. काही जण प्लग बसत नाही म्हणून वरची जाडी पिनच तोडतात. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात हे वर आलंच. म्हणजे ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीत कुठे फेज उतरला आणि त्याला जमिनीत जायला वाट नसली, तर तो फेज तुझ्या बोटांखालच्या तारांत येऊन थांबतो.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये. पुष्कळ वर्षांपूर्वी ब्रह्मपुरीकडच्या एका गावात नाटकाला साथ करत होतो. जनरेटरवरची वीज, रात्रीचा दीड वाजलेला, दवानं पायाखालची सतरंजी ओली. डावा हात तारांवर होता. कोरस द्यायला माइककडे वाकलो आणि ओठांना असा झटका बसला की मागे तबलजीवर जाऊन पडलो. गिटार एका लाइनवर, माइक दुसऱ्या, आणि दोघांमधला दुवा मी. खालचा ओठ दोन दिवस बधिर होता. दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमननं मंडपामागे नळाच्या ओल्या जागेत सळई ठोकली आणि गिटार, माइक, मिक्सर सगळ्यांचं अर्थ एका ठिकाणी आणलं. झटका गेला, आणि भुणभुणही निम्म्यावर आली. मी तोवर त्या भुणभुणीला गिटारची खोड समजत होतो.

म्हणून गिटारवर आणखी एक रुपया घालण्याआधी वायरमनला बोलाव. तो मीटर लावून फेज आणि न्यूट्रल मोजेल, २३० व्होल्टच्या आसपास येतील. मग फेज आणि अर्थ मोजेल, तेही जवळपास तेवढेच यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्टांपेक्षा फारसा फरक नको. अर्थ नसेल तर मोरीजवळ किंवा नळाजवळ, जिथे जमीन ओली राहते तिथे, कोळसा-मीठ घालून खड्डा करून घे, आणि मे महिन्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाक. बोर्डात ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच तोडणारा स्विच) बसवता आला तर फारच उत्तम. हा खर्च गिटारच्या खात्यात धरू नकोस, घरातल्या सगळ्यांना त्याचा उपयोग आहे. वडिलांना मोटरची काळजी आहे ना? मग त्यांना अर्थिंगचं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी तक्रार, मिक्सरवरचा दबलेला आवाज. तुम्ही गिटार सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये लावता असं तू लिहिलंस. अडचण तिथेच आहे. पिकअपमधून निघणारी वीज फार नाजूक असते, तिला पुढे दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट हवा. गिटार ॲम्प्लिफायरचा तसा असतो. मिक्सरची लाइन साधारण दहा-वीस हजार ओहमची. तिथे पिकअपवर इतका भार येतो की आवाज खाली बसतो आणि आधी वरचे, चकचकीत सूर मरतात. तुझा कापूस तो हाच. पन्नास हजारांची गिटार आणून त्याच भोकात लावलीस तरी ती गाठीतूनच बोलेल, आणि अकरा हजारांचे पिकअपही. कीबोर्डला हा त्रास होत नाही कारण त्याचा आवाज आतल्या सर्किटमधून जोरकस होऊनच बाहेर येतो.

काही मिक्सरांवर एखाद्या चॅनेलला "हाय-झेड" किंवा "इन्स्ट्रुमेंट" असं बटण असतं. तुमच्यावर आहे का बघ. असेल तर प्रश्न तिथेच मिटला. नसेल तर गिटार आणि मिक्सरच्या मध्ये एक ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारची नाजूक वीज मिक्सरला चालेल अशी करणारी डबी) किंवा छोटा जुना मल्टिइफेक्ट प्रोसेसर घाल. प्रोसेसर घेतलास तर ॲम्प्लिफायरचा टोन आणि थोडा इको त्यातच मिळतो, आणि सेकंडहँड बाजारात तो गिटारपेक्षा सहज सापडतो. माझं मत विचारशील तर तुझ्या वीस हजारांतला दुसरा खर्च हाच असावा. आणि केबल बघ. मंडपात सोयीची म्हणून तीस-चाळीस फुटांची स्वस्त केबल वापरतात. गिटारपासून प्रोसेसरपर्यंत पंधरा-वीस फुटांच्या वर जाऊ नकोस, त्यापुढे लांब केबल चालते.

तिसरं, कीबोर्डवाला. तो गिटारचा टोन लावतो तेव्हा तू आणि तो एकाच जागेवर उभे राहता. ज्याचा आवाज आधीच जोरकस, तो ऐकू येणार. हे मशीनवर सोडण्याचं काम नाही, त्याच्याशी बोल. गिटारचा तुकडा आला की तो टोन त्यानं सोडावा आणि खाली कॉर्ड धरावेत. साउंडवाल्याला सांग की तुझ्या चॅनेलचा बेस थोडा काढ आणि मिड थोडा उघड. गिटारचा जीव मधल्या पट्टीत असतो. बेस वाढवून ती ढोलकीच्या आणि ऑक्टोपॅडच्या आवाजात बुडते. कीबोर्डवर जे होत नाही ते तुझ्या हातात आहे: तार ओढून सुरावरून सुरावर जाणं. गायकानं घेतलेली हरकत तू तार ओढून परत दिलीस की लोक आपोआप तुझ्याकडे बघतील.

आता खुद्द गिटारकडे येऊ. तारा किती जुन्या आहेत? तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मी धरून चालतो की विकणाऱ्यानं होत्या त्याच दिल्या. नव्या तारा घाल, ९-४२ चा (हे तारांच्या जाडीचे आकडे) सेट घे, ओढायला हलका पडतो. एकदम सहाही काढू नकोस, एकेक बदल. मग पिकअपची उंची बघ. सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धर आणि पिकअपच्या चुंबकाच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोज. तुझी गिटार १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची आहे. त्या घडणीच्या सिंगल कॉइलला जाड तारेकडे साधारण २ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे १.६ मिलिमीटर हा सुरुवातीचा आकडा धर. पिकअपच्या दोन टोकांना दोन स्क्रू आहेत, तेवढेच फिरवायचे.

हे करताना घाई करू नकोस. अर्धा फेरा फिरव, वाजव, ऐक. पिकअप फार खाली गेला असेल तर आवाज दूरचा आणि अशक्त येतो. फार वर आला तर चुंबकं तार ओढून धरतात, आणि जाड तारांवर बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर डगमगतो, एकाच तारेत दोन सूर भांडल्यासारखे वाटतात. या दोन्हींच्या मध्ये एक जागा येते जिथे तार मोकळी गाते. ती कानालाच कळते. माझ्याकडे "पिकअप खराब आहेत" म्हणून येणाऱ्या गिटारींपैकी कितीतरी या एका स्क्रूवर बऱ्या होऊन गेल्या आहेत. मी स्वतः तरुणपणी हे न बघता एका हंगामाची कमाई पिकअपांत घातली. मान वाकलेली आणि तारा उंच, आवाज होता तसाच राहिला. नवे पिकअप तेच ऐकत होते जे जुने ऐकत होते.

तेव्हा मान तपास. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर सहावी तार एकदम दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे बघ. एखाद्या व्हिजिटिंग कार्डाची जाडी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, असेल तर मान उत्तम आहे. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई, नट फिरवून आवळायची) पाव फेरा आवळायचा, थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. तो नट फिरतच नसेल किंवा आवळून आवळून संपला असेल तर मात्र ही गिटार घेऊ नकोस. साडेआठात नाही, पाचातही नाही. मानेच्या कडेवरून बोट फिरव. उन्हाळ्यात आपल्याकडे लाकूड सुकून आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन टोचतात. बारीक कानशीनं ती घासता येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डोक्याजवळ जिथे मान वळते तिथे चीर गेलेली नाही ना, एवढं उजेडात नक्की बघ.

मग फ्रेट. पहिल्या तीन फ्रेटवर तारांच्या खाली खाचा पडल्या आहेत का? हलक्या असतील तर फ्रेट लेव्हल करून घेता येतात. खोल असतील तर बदलावे लागतील, आणि तो खर्च गिटारच्या किमतीच्या मानानं मोठा असतो. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजव, एकही सूर मुका राहायला नको. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळतो का बघ. नसेल तर ब्रिजवरचे सॅडल (तारा ज्यांवर टेकतात ते छोटे तुकडे) मागेपुढे करून जुळवता येतो. व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघ, बहुतेक वेळा जाते.

पिकअप जिवंत आहेत की नाहीत हेही मोजता येतं. गिटारला केबल लाव, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघड, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनवर मल्टिमीटर धर, एक काडी टोकाला, एक दांड्याला. स्विचच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागेवर प्रत्येकी पाच ते सात हजार ओहमच्या दरम्यान आकडा यायला हवा. काहीच आलं नाही किंवा आकडा लाखांत गेला तर गुंडाळी तुटलेली असू शकते, शून्याजवळ आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. आकडे नीट आले आणि नव्या तारांवर, योग्य उंचीवर, योग्य इनपुटमध्ये आवाज तुला पटला, तर त्या पिकअपांना एक हंगाम दे.

हंबकरचं विचारलंस. भीमगीतांमधल्या आणि नाटकातल्या गाण्यांच्या सुरावटींना स्वच्छ, उघडा आवाज लागतो, आणि ते सिंगल कॉइलचं बलस्थान आहे. तुला जोराचा डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) लागत असेल, किंवा जनरेटरशेजारी उभं राहून वाजवावं लागत असेल, तर हंबकरला अर्थ आहे. पण तेव्हाही तीन घेऊ नकोस. एकच, ब्रिजजवळचा बदल, आणि सिंगल कॉइलच्याच आकारात येणारा हंबकर घे, म्हणजे लाकूड कोरावं लागत नाही. पूर्ण आकाराचा घेतलास तर पिकगार्डही बदलावा लागेल आणि आत जागा आहे की नाही तेही बघावं लागेल. सिंगल कॉइलला २५० हजार ओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या खुंट्यांखालचे भाग) असतात, हंबकरला ५०० हजारांचे लागतात, नाहीतर तो जरा मंद वाटतो. वायरींच्या रंगांचे अर्थ कंपनीगणिक वेगळे असतात, त्या पिकअपचा नकाशा समोर ठेवूनच डाख दे. आणि काढलेला पिकअप जपून ठेव. गिटार विकताना मूळचा परत बसवायचा आणि नवा वेगळा विकायचा, कारण घेणारा गिटारची किंमत देतो, आत घातलेल्या भागांची क्वचितच देतो. तुझा नागपूरचा माणूसही साडेआठ मागतोय ते तिच्या आजच्या आवाजाचे. पुढे तू काय घालशील त्यावर ती कशी वाजेल, ही त्याची वस्तू नाही, मग ती त्यानं का विकावी?

दुसऱ्या गावांतून अशाच प्रश्नांची पत्रं येतात, त्यांच्यासाठीही एक सांगतो. ज्यांना गिटार आठ दिवस घरी आणता येत नाही, फक्त दुकानात किंवा कुणाच्या खोलीवर अर्धा तास मिळतो, त्यांनी मान, ट्रस रॉड, फ्रेट आणि मल्टिमीटर एवढंच बघावं. भुणभुण आणि आवाजाची पारख तिथल्या ॲम्प्लिफायरवर करू नये, तो विकणाऱ्याचा असतो. आणि न बघता कुरिअरनं जुनी गिटार मागवायची असेल तर निदान मानेचा कडेनं काढलेला फोटो आणि पहिल्या तीन फ्रेटचा जवळून काढलेला फोटो मागावा.

नवी घेण्याचा पर्याय मी टाकून देत नाही. ट्रस रॉड संपलेला निघाला किंवा फ्रेट खोल गेलेले निघाले तर ही परत कर आणि नवी बघ. तेव्हा ब्रिजला हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी रचना शोध, यामाहाच्या पॅसिफिका ०१२ मध्ये ती आहे. तुझ्यासारख्या दोन तऱ्हांच्या पार्टीत वाजवणाऱ्याला ती सोयीची. पण वीसचे वीस गिटारमध्ये गेले तर प्रोसेसरला काही उरणार नाही, आणि नवी गिटारही त्याच मिक्सरच्या लाइनमध्ये जाईल.

ही मात्र तपासणीत उतरली तर माझा हिशेब असा. फ्रेटच्या खाचा आणि तारांचा खर्च दाखवून सात हजारांपर्यंत माग, साडेसातवर मिटलं तरी वाईट नाही. तारा, तांब्याची पट्टी, चांगली केबल यांना दीड-दोन हजार धर. डीआय बॉक्स किंवा जुना प्रोसेसर चार-पाच हजारांच्या आत शोध. पाच-सहा हजार शिल्लक राहतील. ते वडिलांच्या हातात मोटर भरायला दे. तू पत्रात त्यांचं म्हणणं एका ओळीत उरकलंस, पण धानाच्या बांधीला पाणी गेलं नाही तर पुढच्या मंडईला तू गिटार घेऊन घराबाहेर कसा पडशील? आणि मोटरला पैसे दिलेस तर ही गिटार घरात उपऱ्यासारखी राहणार नाही.

महिनाअखेर जवळ आली आहे. आज वायरमनला बोलाव, उद्या तारा आण, परवा पार्टीच्या मिक्सरवरचं ते बटण शोध. कूलर बंद करून भुणभुण किती उतरली आणि वायरमनच्या मीटरवर फेज-अर्थचा आकडा किती आला, हे दोन्ही मला कळव. ट्रस रॉडबद्दल शंका वाटली तर जोर लावू नकोस. कडेनं मानेचा फोटो काढून पाठव, मी बघून सांगतो.